मालेच्या खाचरातला समुद्र

पहिली गोष्ट, ते किडे नाहीत.

सूसच्या आमच्या सोसायटीत राहायला येऊन इतकी वर्षं झाली, तरी लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण मला विचारतो, "काका, तुम्ही ते किडे बघायचात ना?" सेक्रेटरीसाहेब तर एकदा डबीत झुरळ घालून घेऊन आले. कुठल्या जातीचं आहे तेवढं सांगा, म्हणजे औषधवाल्याला तसं कळवतो, म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, मी जे बघतो ते या झुरळाच्या मिशीवर रांगेने बसेल, इतकं बारीक असतं." त्यावर ते खूश होऊन म्हणाले, "मग हे तर तुम्हाला फारच सोपं जाईल!" मी झुरळ बघितलं. झुरळच होतं.

त्यामुळे या अंकाच्या संपादकबाईंनी "तुमच्या कामावर लिहा, पण वाचकांना झेपेल असं" म्हणून फोन केला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मग वाटलं, एकदा सगळं लिहून टाकावं आणि अंकाची एक प्रत लिफ्टमध्ये टांगून ठेवावी. निदान झुरळं तरी थांबतील.

तर डायाटम ही पाण्यातली शेवाळं आहेत, एकेका पेशीची. ओढ्यातल्या दगडावरून आपला पाय घसरतो, त्या दगडावर जो तपकिरी बुळबुळीत थर असतो त्यात ती असंख्य असतात. प्रत्येकाला काचेचं कवच. काचेचं म्हणजे उपमा म्हणून नव्हे, खरोखर, वाळूत असतं तेच द्रव्य. कवचाचे दोन भाग, डबा आणि त्यावर घट्ट बसणारं झाकण. डायाटम मेलं की आतला जीव कुजून जातो आणि डबा-झाकण तळाशी जाऊन बसतं. असे थरावर थर साचतात. पुढे तळं आटतं, समुद्र मागे हटतो, आणि हजारो नाहीतर लाखो वर्षांनी कुणीतरी तिथे खणतं तेव्हा पांढरी, हलकी, पिठासारखी माती निघते. ते पीठ म्हणजे नुसती कवचं. त्यातलं एकेक कवच मायक्रोस्कोपखाली शोधायचं, त्याचा फोटो काढायचा आणि ते कुणाचं हे ओळखायचं, हे माझं काम. गोड्या पाण्यातली कवचं वेगळी, खाऱ्या पाण्यातली वेगळी. त्यामुळे आज जिथे भर उन्हात शेळ्या चरतायत तिथे पूर्वी तळं होतं की खाडी, हे सांगता येतं. एका संशोधन संस्थेत मी जन्मभर हे केलं. निवृत्त झाल्यावरही ओळखीपाळखीतून नमुने येतातच, म्हणून घरात मागच्या खोलीत मायक्रोस्कोप, त्याला जोडलेला कॅमेरा आणि पडदा मांडून ठेवला आहे.

लोकांना वाटतं, माती आणली, काचेवर ठेवली, डोळा लावला, झालं. अहो, असं नसतं! माती आधी औषधात भिजवून ठेवायची, म्हणजे तिच्यातला पालापाचोळा जळून जातो. तो फसफसून कधी ओट्यावर उतू जाईल याचा नेम नाही, आणि उतू गेला की आमच्या मंगलचं, म्हणजे बायकोचं, जे फसफसणं सुरू होतं त्याला कुठलंच औषध नाही. मग स्वच्छ पाणी घालायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी अलगद ओतायचं, पुन्हा पाणी घालायचं. असं कितीतरी वेळा. घाई केली तर कवचं पाण्याबरोबर मोरीत जातात. शेवटी एक थेंब काचेवर वाळवून त्यावर खास डिंकासारखा एक पदार्थ लावायचा, कारण काचेचं कवच काचेवर ठेवलं तर दिसणार कसं? आणि प्रत्येक नमुन्याबरोबर एक कोरी स्लाइड करायची. तीच भांडी, तेच पाणी, तीच सगळी कृती, फक्त माती घालायची नाही. त्या कोऱ्या स्लाइडवर काही दिसलं तर समजायचं, आपलीच भांडी घाण आहेत, आणि गप्प बसायचं.

मग फोटो. इतक्या मोठ्या भिंगाखाली कवचाचा एक पापुद्रा स्पष्ट दिसतो तेव्हा बाकीचं सगळं धूसर असतं. जरा वर, जरा खाली असं करत अनेक फोटो काढावे लागतात. त्यात ते कवच कसं पडलंय त्यावरही सगळं अवलंबून. ताट सपाट ठेवलं तर त्यावरची नक्षी दिसते, कडेवर उभं धरलं तर नुसती पट्टी. कडेवर पडलेल्या डायाटमचा एक हललेला फोटो पाठवून लोक म्हणतात, "सर, अर्जंट आहे." महाळुंग्यात राहणारा एक आयटीतला मुलगा आहे, मूळचा लातूरकडचा, भला आहे, हौशी आहे, शनिवार-रविवारी तळ्यातलं पाणी बघत बसतो. त्याने एकदा मोबाइलवर फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, "ॲपने ओळखलं आहे, तुम्ही फक्त कन्फर्म करा." मी कळवलं की हा हवेचा बुडबुडा आहे. त्याचं उत्तर आलं, "सर, पण ॲप शुअर आहे." मी फोन बंद करून ठेवला.

आणि हे सगळं जमवत आणावं, तर आमच्या मागच्या प्लॉटवर नवीन टॉवरचं काम निघालं. पायलिंगचं, म्हणजे इमारतीच्या पायासाठी जमिनीत खांब ठोकायचं यंत्र म्हणजे काय हे सूस-महाळुंग्याच्या माणसाला सांगायला नको. तो एक दणका बसला की माझं डायाटम पडद्यावरून उडी मारून नाहीसंच होतं. सुपरवायझरला जाऊन सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, "काका, काम संपेपर्यंत तुमचं मशीन जरा काढून ठेवा ना." तेव्हापासून मी त्यांची जेवणाची सुट्टी होण्याची वाट बघतो. तिकडे मजुरांचे डबे उघडले की इकडे मी मोठ्या भिंगाला लागतं ते तेल लावून बघायला बसतो.

गौतमची मातीही अशीच जेवणाच्या सुट्टीत बघितली. ते प्रकरण आता सांगतो.

गौतम माझा धाकटा चुलतभाऊ. आमचं गाव माले, पौडच्या पलीकडे. मी शिकायला म्हणून पुण्यात आलो तो इकडेच राहिलो. तो शेती करतो. त्याचा मुलगा निखिल महाळुंग्यात कंपनीच्या गाड्या चालवतो, दिवसपाळी-रात्रपाळी, आणि चार-पाच पोरांबरोबर एका खोलीत राहतो. मे महिन्यात गौतम मोटरसायकलवरून पिशवीभर पांढरी माती घेऊन माझ्या दारात हजर.

"दादा, ह्ये बघ. आपल्या थोरल्या खाचराच्या खाली निघालंय. बोअर मारताना चिखलासाठी खड्डा खांदला तवा दिसलं. लई जाड थर हाय."

"बरं मग?"

"मग काय मग? ही तुजी डायाटमची माती हाय!"

हे नाव त्याच्या तोंडून ऐकून मी उडालोच. जन्मभर त्याने माझ्या कामाला 'दादाचं ते काचंचं' म्हटलं होतं. तर झालं होतं असं, कोंबड्यांना पिसवा झाल्या म्हणून कृषी केंद्रातून त्याने एक पांढरी पावडर आणली होती. तिच्यावर लिहिलेलं, डायाटमची माती. आता ही पावडर खरोखरच असते. त्या काचेच्या कवचांच्या धारेने किडे मरतात, म्हणून शेतीत वापरतात. गौतमने ती बोटांत चोळली आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, असलं तर आपल्या खाचराखाली ढिगाने पडलंय. लगेच त्याने अशी पावडर करून विकणारा एक माणूसही गाठला. तो म्हणाला, माती डायाटमची असल्याचं कुणा जाणकाराकडून लिहून आण, सगळी उचलतो.

"आन जानकार तर आपल्या घरातच हाय की!" गौतम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. मी तो प्रत्येकाला विचारतो, कारण लोकांनी माझ्याकडे लोणच्याच्या बरणीतून, शाम्पूच्या बाटलीतून, एकाने तर लेकराच्या दुधाच्या डब्यातून नमुने आणलेले आहेत. "पिशवी स्वच्छ होती ना?"

"म्हंजे काय! शालननं सोता झटकून, उनात वाळवून दिलीया." शालन ही त्याची बायको.

पारदर्शक, जाड, कोरी पिशवी होती. मी ठेवून घेतली. जाता जाता म्हणाला, "निखिलला सांगितलंय, आता तितं लोकांच्या गाड्या फिरवू नगं. हितं घरचं काम निघतंय." मी म्हटलं, "अरे, आधी बघू तर दे." पण तोवर त्याने किक मारली होती.

मग रोज फोन. "दादा, झालं का?" अरे बाबा, गाळ बसतोय. "अजून बसतोयच?" हो, त्याला कुठे जायचं नाहीये. "आमच्या गावात मानूस बसला तर उठतो तरी." असा आमचा संवाद. शेवटी त्याला राहवेना, स्वतःच येऊन बसला. नेमकी त्याच दिवशी स्लाइड तयार झाली होती.

पायलिंग जोरात चालू होतं. पडद्यावर सगळं थरथरत होतं. मातीचा चुरा फार आणि कवचं विरळ, हे मला पहिल्याच नजरेत खटकलं. खरी डायाटमची माती असली की कवचांची नुसती दाटी असते, माती शोधावी लागते. पण कवचं होती. गोल, मोठी, जाळीदार. एक तर अगदी मधोमध येऊन थांबलं.

"आयला!" गौतम खुर्चीतून उठलाच. "दादा, ह्ये आपल्या खाचरातलं? किती झ्याक हाय रं! जशी काय रांगोळी!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. मलाही क्षणभर काहीतरी झालं. इतकी वर्षं ज्याच्यामागे घालवली ते पहिल्यांदा माझ्या घरातल्या माणसाला सुंदर वाटत होतं. पण मी म्हटलं, "गौतम, थांब. काहीतरी आहे एवढंच दिसतंय. काय आहे ते अजून ओळखायचंय. यंत्राचे दणके थांबले की नीट बघतो."

त्याने त्यातलं 'आहे' एवढंच ऐकलं. मोबाइलने पडद्याचा फोटो काढला आणि निघूनसुद्धा गेला.

दुपारी यंत्र थांबलं. मी तेच गोल कवच पुन्हा शोधून मध्ये आणलं आणि फोकस सावकाश फिरवायला लागलो. वर नेला, तर त्यातले एकाआड एक तीन भाग स्पष्ट आणि मधले तीन धूसर. खाली आणला, तर मघाचे धूसर झाले आणि उरलेले तीन लख्ख. म्हणजे कवच सपाट नाही, छत्रीच्या कापडासारखं एक भाग वर, एक भाग खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली. शंकाच नको, फोटोही लख्ख आला. याचं नाव ॲक्टिनोप्टिकस. हे खाऱ्या पाण्यात राहतं. मग मी बाकीची बघितली. एकजात समुद्रातली.

समुद्र! मालेत!

आपला सगळा मुलूख लाव्हाचा. ज्वालामुखीतून निघाला, थंड झाला, काळा दगड झाला, त्यावर आपण बसलोय. मुळशीच्या खोऱ्यात समुद्र कधीच आलेला नाही. मी कोरी स्लाइड बघितली. स्वच्छ. म्हणजे घाण माझ्या भांड्यांतली नव्हती. मग हा समुद्र आला कुठून? डोकं भणभणायला लागलं.

तेवढ्यात मंगल मोबाइल घेऊन आत आली. भावकीच्या ग्रुपवर ती आहे. मी नाही, मी केव्हाच बाहेर पडलोय, तिथे सकाळी फुलं आणि संध्याकाळी भांडणं असतात. ती म्हणाली, "अहो, तुमचा फोटो सगळीकडे फिरतोय." बघतो तर माझ्याच पडद्याचा तो हललेला फोटो, आणि खाली गौतमचा मजकूर: आपल्या थोरल्या खाचरात डायाटमचा खजिना सापडला, दादांनी तपासून सांगितलं, जेसीबी मोकळा मिळालाय, उद्या सकाळी खाचर उघडणार. त्याखाली भावकीतल्या सगळ्यांचे नमस्कार, हार आणि 'जय भीम'.

"तुम्ही तपासून सांगितलंत?" मंगलने विचारलं.

"मी काय सांगितलंय? मी 'थांब' म्हणून सांगितलंय!" मी ओरडलो, आणि त्या बिचारीने उगाचच माझा ओरडा खाल्ला.

थोरलं खाचर म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. ते भाताचं शेत खडकाच्या उतारावर आहे. तिथे मुळात माती नव्हतीच. गौतमच्या आईने, म्हणजे आमच्या काकीने, आणि काकांनी दगडाचे बांध घालून, ओढ्याकाठची काळी माती पाट्यांनी वाहून ते केलं. दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करून आल्यावर उरलेल्या वेळात. घरचा वर्षाचा तांदूळ त्यात होतो. त्या काळ्या मातीची जाडी कोपरभर असेल. जेसीबीने ती एकदा उपसली आणि खालची पांढरी वर आली की तिथे पाणी थांबणार नाही, आणि पाणी थांबलं नाही की भात विसरायचा. पुन्हा पाट्या कोण वाहणार?

गौतमला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. शालनला लावला. बंद. निखिलला लावला, तर तो गाडी चालवत असणार, उचलेना. मी माझा जुना आरशाचा मायक्रोस्कोप पेटीत घातला. तो विद्यार्थी असताना घेतलेला, त्याला वीज लागत नाही, खालचा आरसा उजेडाकडे फिरवला की झालं. स्वच्छ बाटल्या, चमचे, काचा घेतल्या आणि गाडी काढली. आणि काय सांगावं, पिरंगुटला ट्रक आडवा! वाहतूक ठप्प. एक मनुष्य खिडकीशी येऊन मला विचारतो, "काका, पुढं फार्महाऊस प्लॉट बघायचेत का?" त्याला मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही.

मालेला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, पण उजेड होता. जेसीबी खाचराच्या बांधाला येऊन उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर बांधावर बसून भाकरी खात होता, अर्थातच शालनच्या हातची. गौतम मला बघून हरखला. "दादा! तू बी आलास! उद्याच्याला नारळ तूच फोड."

"नारळ राहू दे. मला आधी सांग, ती पिशवी कसली होती?"

"कंची पिशवी?"

उत्तर शालनने दिलं. "अवो भाऊजी, ती व्हय? कोंबड्यांच्या पावडरीच्या आतली. चांगली जाड हुती, टाकवंना. मीच झटकली, उलटी करून उनात घातली. बक्कळ साफ केलीया."

मी ओट्यावरच बसलो. कपाळाला हात लावला. आता त्या बाईला मी काय बोलणार? कुठल्याही घरात चांगली पिशवी टाकत नाहीत, आमच्याही टाकत नाहीत. ज्या पावडरीने त्यांना ही कल्पना दिली त्याच पावडरीच्या पिशवीत त्यांनी खाचराची माती भरून आणली होती. मी फोटो काढला, ओळखलं, कोरी स्लाइड केली, सगळं केलं, ते सगळं त्या पिशवीच्या आतल्या धुरळ्याचं. कुठल्या तरी परदेशातल्या समुद्राचा तळ, कृषी केंद्रातून कोंबड्यांच्या खुराड्यामार्गे माझ्या भिंगाखाली आलेला.

बोअरजवळच्या त्या खड्ड्यात उतरून मी स्वतः पांढरी माती काढली, स्वच्छ चमच्याने, स्वच्छ बाटलीत. वरची काळीही घेतली. खुराड्याशेजारच्या डब्यातली उरलेली पावडर घेतली. ओट्यावर मायक्रोस्कोप मांडून आरसा मावळतीकडे फिरवला. डायाटम आहेत की नाहीत एवढंच बघायचं तर पाण्याचा एक थेंब पुरतो. पांढऱ्या मातीत काही नव्हतं. पुन्हा थेंब घेतला, पुन्हा बघितलं. मला तिच्यात काहीतरी सापडायला हवं होतं, अगदी मनापासून. पण ती खालचा खडक कुजून झालेली माती होती, आपल्याकडे ठिकठिकाणी निघते तशी. भिंत सारवायला बरी, बाकी काही नाही. पावडरीत समुद्र होता.

"गौतम, इकडे ये. डोळा लाव."

"मला काय बी दिसत न्हाई. काळ्या काड्या दिसत्यात."

"त्या तुझ्या पापण्या आहेत. जरा मागे हो."

तो मागे झाला. "हां. ह्येच की! ह्येच तर त्या फोटोत हुतं."

"ही कोंबड्यांची पावडर आहे. आता ही बघ, ही आपल्या खाचरातली." मी काच बदलली.

त्याने बराच वेळ बघितलं. डोळा बदलला. मी फोकस फिरवायला शिकवला, तो फिरवत राहिला. "ह्यात न्हाई?"

"नाही."

"दुसरीकडची घेऊया. त्या कोपऱ्यातली."

घेतली. त्यातही नव्हतं. मग मात्र त्याचा तोल गेला. "तुला आमचं चांगलं बघवत न्हाई! सायेब झालास, पुण्यात बसलास. आता आमचं कुटं काय व्हायला लागलं तर तू हितं नळी घिऊन आलास!"

मीही तापलो. "अरे, मी गाडी कशी आणलीय ते मला माहीत! नसतो आलो तर उद्या काकीची सगळी माती ओढ्यात गेली असती. ते चाललं असतं का तुला?"

काकीचं नाव निघालं आणि तो खाली बसला. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "दादा, तू निस्तं लिहून दे. आहे म्हून लिही. त्यात खोटं काय हाय? फोटो तर तुज्याच पडद्यावरचा हाय. फोटोत दिसतंय की."

जन्मभर मी धूसर फोटोंवर वैतागलो. आणि इथे दुपारी काढलेला माझा फोटो स्पष्ट होता, खरा होता, ओळख बरोबर होती, फक्त ते खाचर नव्हतं. हे मी त्याला कसं समजावणार? मी म्हटलं, "त्या पावडरवाल्याने एक ट्रक नेऊन तपासला की तो परत येणार नाही. आणि तोवर खाचर गेलेलं असेल. मी लिहिणार नाही, गौतम."

"मी समद्या भावकीत सांगून बसलोय."

"मी सांगतो भावकीत."

"आन निखिलला? त्यानं मालकाला सांगून टाकलंय, म्हैन्याच्या शेवटाला सोडतो म्हून. पोरगं परवा फोनवर हसत हुतं. किती दिसांनी हसलं." एवढं बोलून तो उठला आणि बांधाकडे चालायला लागला. त्याने ड्रायव्हरला काय सांगितलं ते लांबून ऐकू आलं नाही. ड्रायव्हरने हात हलवून काहीतरी विचारलं, गौतमने नुसती मान हलवली. थोड्या वेळाने जेसीबी सुरू झाला आणि वळून रस्त्याला लागला. गौतम मात्र खाचरातच उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

मी बरोबर होतो. बरोबर असण्याचा मला जन्मात इतका वैताग आला नव्हता. मी काचा पुसायला घेतल्या. काळ्या मातीची स्लाइड अजून बघायची राहिली होती म्हणून सवयीने डोळा लावला. तिच्यात होती थोडी, गोड्या पाण्यातली, भाताच्या कुठल्याही खाचरात असतात तशी. छान होती. पण कुणाला दाखवणार, आणि दाखवून काय सांगणार?

शालन भांडी आवरत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजी, तुमी आलात ते बरंच केलं. खाचर ऱ्हायलं. पर येक सांगू का? जलमभर त्या नळीला डोळा लावून बसलात. येकदा तरी आमच्या कामाचं काय दिसाया पायजे हुतं वो त्यात."

मी मायक्रोस्कोप पेटीत घातला.

"रागानं न्हाई म्हनत," ती म्हणाली, आणि मोबाइल घेऊन पडवीच्या कडेला गेली. तिथे जरा रेंज येते. निखिलचा फोन लागला असावा.

"हां, निखिल. न्हाई रं, समदे बरे हायेत... चुलते आल्यात तुजे... व्हय, बघितलं त्यांनी. न्हाई निघालं." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. पदराने नाक पुसलं. "मालकाला उद्याच्याला सांग, सोडत न्हाई म्हून... व्हय... न्हाई बाबा, हितं यिऊन काय करशील? तितंच ऱ्हा."